हयात रचनाकारासोबत पियानो ट्रिओ बसवणं आणि रेकॉर्ड करणं: बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहून आम्ही काही जण आजच्या रचनाकारांचे नवे पियानो ट्रिओ बसवतो, लोकांसमोर वाजवतो आणि रेकॉर्ड करतो. वादक, सभागृहवाले, पियानोचे मालक, संगीत शिकणाऱ्या मुलांचे आई-वडील आणि आपली रचना पाठवू इच्छिणारे तरुण जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

पियानो ट्रिओ म्हणजे तीन पियानो काय?

नाही. एक पियानो, एक व्हायोलिन, एक चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खर्जाचं वाद्य). हायडनने या मेळासाठी चाळीसहून जास्त रचना लिहिल्या, पण त्यांत चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताच्या मागे चालतो. बेथोव्हनने १७९५ मध्ये आपल्या पहिल्या प्रकाशन-क्रमांकाखाली (ओपस १) तीन ट्रिओ छापले आणि तिथून चेलो स्वतःचं बोलू लागला. पुढे शूबर्ट आणि ब्राम्स, १९१४ मध्ये राव्हेल, १९४४ मध्ये शोस्ताकोविचने दिवंगत मित्राच्या स्मृतीला वाहिलेला दुसरा ट्रिओ, अशी ही मोठी परंपरा आहे. आज या मेळासाठी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर हे सगळं ओझं असतंच.

नवीन म्हणजे किती नवीन? आधी काय ऐकावं?

आम्ही शक्यतो हयात रचनाकाराचंच काम घेतो, कारण त्याला प्रश्न विचारता येतात. ऐकण्याची सुरुवात मात्र थोडी मागून करावी. जपानच्या तोरू ताकेमित्सूंची १९९३ ची ‘बिट्वीन टाइड्स’ ही पहिल्यांदा ऐकायला फार चांगली. सूर येतात, विरतात, घाई कुठेच नाही. फिनलंडच्या काया सारियाहोंची २०१४ ची ‘लाइट अँड मॅटर’ ऐकली की तंतुवाद्याचा स्वर आणि नुसता श्वासासारखा आवाज यांच्यामध्ये किती जागा आहे ते कळतं. मॉर्टन फेल्डमनचा १९८० चा ट्रिओ तासाहून जास्त चालतो आणि जवळजवळ सगळा हलक्या आवाजात. तो रात्री, वाहतूक थांबल्यावर ऐकावा. भारतीय वंशाच्या रीना इस्माइल यांचा २०१९ चा पियानो ट्रिओ आपल्या कानांना सगळ्यात जवळचा वाटेल, कारण त्यांनी हिंदुस्थानी संगीताचा रीतसर अभ्यास केला आहे.

रचना लिहून झाली की रचनाकाराचं काम संपलं ना? तालमीत तो कशाला हवा?

आमच्या सगळ्या कामाचा आधारच हा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. संगणकावर लिहिलेली रचना संगणकच वाजवून दाखवतो, आणि ते वादन हमखास फसवतं. त्यात चेलो पियानोच्या खालच्या सप्तकावरूनही स्पष्ट ऐकू येतो, व्हायोलिनवादकाला गज परत आणायला वेळ लागत नाही, पियानोवाल्याला पान उलटावं लागत नाही. खऱ्या खोलीत पियानोची झाकण पूर्ण उघडी असेल आणि डावा हात खर्जात दाट स्वर वाजवत असेल, तर चेलोचे मधले स्वर त्यात बुडतात. मग रचनाकाराने तिथे बसून ऐकायचं आणि ठरवायचं: पियानोचे स्वर विरळ करायचे, चेलोला एक सप्तक वर न्यायचं, की ते बुडणंच हवं आहे? शेवटचा पर्यायही खरा असतो. पण तो निर्णय ऐकून घेतलेला असला पाहिजे.

आम्ही काम टप्प्यांत करतो. आधी रचनाकार दहा-वीस मापांचे (माप म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग, बार) तुकडे आणतो, शंका असलेले: हा दुहेरी स्वर चेलोवर पकडता येतो का, ही मींड या तारेवर पूर्ण होते का, गज घोडीजवळ (तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्याच्याजवळ) नेला तर आवाज किती पोचतो. ते वाजवून बघतो. मग तो पूर्ण रचना लिहितो. पहिल्या वाचनात फक्त वाजवत जायचं, थांबायचं नाही, कारण सलग ऐकल्यावरच लांबी-रुंदीचा अंदाज येतो. दुरुस्त प्रत आली की बसवणं सुरू. लोकांसमोर काही प्रयोग होतात, पुन्हा दुरुस्ती होते, आणि त्यानंतर रेकॉर्डिंग. पहिल्या प्रयोगाआधी रेकॉर्डिंग करायला आमचा ठाम नकार असतो. श्रोत्यांसमोर वाजवल्याशिवाय कुठली शांतता लांबली आणि कुठली कमी पडली हे कुणालाच कळत नाही.

रचना बदलणं कमीपणाचं वाटणाऱ्यांनी ब्राम्सकडे पाहावं. त्याने १८५४ मध्ये छापलेला आपला पहिला ट्रिओ १८८९ मध्ये पुन्हा हातात घेतला आणि मोठमोठे भाग नव्याने लिहिले. दोन्ही रूपं आज वाजवली जातात.

पण वादकाने रचनाकाराला बदल सुचवणं उद्धटपणा होत नाही काय? गुरुजींसमोर आम्ही असं बोलत नाही.

हा संकोच आपल्याकडच्या वादकांत खूप दिसतो आणि त्यामागचा आदर खराच आहे. वाट एवढीच की उपाय सांगायचा नाही, अडचण सांगायची. “हे माप बदला” म्हणण्यापेक्षा “इथे मला गज उलटायला जागा नाही, स्वर तुटतो, तुम्हाला तुटलेला हवा आहे का?” असं विचारावं. बहुतेक वेळा रचनाकार आपण विचारही केला नसेल असा तिसरा मार्ग काढतो. आणि रचनाकारांना आमची एवढीच विनंती असते की “जमेल तसं वाजवा” म्हणू नका. काय हवं आहे ते ठाम सांगा, मग आम्ही दिवसभर धडपडतो.

पियानोचे स्वर पक्के बांधलेले. मग राग त्यात बसणार कसा?

बेळगावात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, आणि यायलाच हवा. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मले ते गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे; इथला श्रोता गंधार उतरला की मान हलवतो.

हिशेब असा. सप्तकाचे १२०० समान बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर पियानोची प्रत्येक पट्टी बरोबर १०० सेंटवर असते. शुद्ध गंधार ४०० वर. पण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास असतो. चौदा सेंटचा हा फरक लांबवलेल्या स्वरात स्पष्ट टोचतो. नैसर्गिक कोमल गंधार ३१६, पियानोचा ३००. पंचम मात्र ७०२ आणि ७००, तो कानाला खुपत नाही.

हाच वाद हार्मोनियमवरून झाला आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली आणि ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. दरम्यान याच बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) हार्मोनियमवर राग वाजवत आणि शिकवत होते. पक्क्या स्वरांच्या वाद्याने काय बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं याची समज या गावाला जुनी आहे, आणि आम्हाला ती रोज उपयोगी पडते.

रचनाकारासोबत बसल्यावर तीन-चार मार्ग सापडतात. पियानोने षड्ज-पंचम धरायचे, गंधार-धैवत तंतुवाद्यांवर सोडायचे. किंवा दोन्ही गंधार मुद्दाम शेजारी ठेवायचे, पियानोचा वर, चेलोचा खाली, आणि त्यांच्या घासण्यातून जो थरथराट उठतो तोच रचनेचा विषय करायचा. हे ठरवून केलं की फार सुंदर होतं आणि न ठरवता झालं की बेसूर. तिसरा मार्ग आमच्या विशेष आवडीचा. पियानोच्या खर्जाच्या तारेवर, लांबीच्या पाचव्या हिश्श्याच्या जागी, बोट हलकं टेकवून पट्टी वाजवली की तारेतून पाचवा स्वयंभू स्वर निघतो आणि तो जवळपास ३८६ सेंटचाच गंधार असतो. म्हणजे पियानोच्या पोटात तानपुऱ्याचा गंधार आहे. सातव्या हिश्श्यावर टेकवलं तर पियानोच्या कोमल निषादापेक्षा सुमारे ३१ सेंट उतरलेला स्वर येतो, त्याला आपल्याकडे ठरलेली जागा नाही, पण रचनाकार त्याच्यावर जीव टाकतात.

तंतुवाद्यं लावण्यातही एक बारकी गोष्ट आहे. चेलोवादकाने वरच्या तारेपासून नैसर्गिक पंचमांनी खाली येत तारा लावल्या तर सर्वांत जाड तार पियानोपेक्षा सहा सेंट उतरते. म्हणून बरेच ट्रिओ हे पंचम किंचित आवळून लावतात, किंवा प्रत्येक सुटी तार पियानोवरच तपासतात. कुठली पद्धत धरायची हे रचनेवर अवलंबून, आणि ते पहिल्याच तालमीत ठरवावं.

इथले व्हायोलिनवादक मांडी घालून, षड्ज-पंचमात तारा लावून वाजवतात. त्यांना घेता येईल काय?

येईल, पण रचनाकाराला लिहिण्याआधी हे माहीत हवं. बसून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवताना डावा हात मोकळा राहतो आणि लांब मींड सहज येते; वरच्या पट्ट्यांत झपाट्याने उड्या मारणं मात्र त्या बैठकीत अवघड जातं. पाश्चात्त्य पद्धतीच्या चारही तारा वेगवेगळ्या स्वरांत असल्यामुळे सुट्या तारांवर बेतलेली रचना षड्ज-पंचमात लावलेल्या वाद्यावर वाजणार नाही. एखाद्याच वादकासाठी, त्याच्या लावणीसाठी लिहिलेली रचना आम्हाला आवडते. पण त्याची जोडीने दुसरी प्रत, नेहमीच्या लावणीची, रचनाकाराकडून करून घ्यावी. नाहीतर ती रचना एका माणसाबरोबर अडकून राहते.

नोटेशन वाचण्याचं म्हणाल तर इथे वाचणारे अगदीच कमी नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, तिथल्या बँडमध्ये नोटेशनवरूनच वाजवतात. चर्चमधले ऑर्गनवादक आहेत, गायनवृंद आहेत.

माप सतत बदलतं म्हणतात. ताल कसा धरता?

हातांवर. पाच, सात, दहा मात्रांची मापं एकापाठोपाठ आली की आम्ही वाद्यं खाली ठेवतो आणि टाळी-खालीने म्हणतो. झपताल आणि रूपक अंगात असलेल्या मुलांना याचं भय वाटत नाही. कानात क्लिक (यंत्राची ठरलेल्या वेगाची टिकटिक) लावून तालीम करता येते, पण रेकॉर्डिंगला क्लिक नको. तिघांच्या श्वासात जी किंचित ओढ-ढील असते, तीच जाते.

पियानोच्या आत हात घालून तारा छेडता, स्क्रू लावता. आमचा पियानो खराब झाला तर?

मालकांची ही भीती रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टन. एवढ्या ताणाच्या वस्तूला बोटाने छेडून काही होत नाही. नुकसान होतं ते घामाने, ओरखड्याने आणि दाबकाच्या (पट्टी सोडल्यावर तारेचा आवाज थांबवणाऱ्या डॅम्परच्या) फेल्टला हात लागल्याने.

म्हणून आमचे नियम कडक आहेत. लेखी परवानगीशिवाय झाकण उघडून आत काही करायचं नाही. हात धुऊन, कोरडे करूनच काम. बोटांच्या घामाने तार गंजते आणि आपल्या पावसाळ्यात लवकर गंजते. खुणा करायच्या तर दाबकाच्या डोक्यावर सहज निघणारी चिकटपट्टी, तारेवर काहीच नाही. दोन तारांमध्ये रबर किंवा स्क्रू बसवायचा असेल तर पेडल दाबून, दाबक उचललेले असताना, हळूच सरकवायचा. कसा आणि किती अंतरावर ते रचनाकाराने मिलिमीटरमध्ये लिहून द्यायचं. धातूची काठी तारांवर मारायची नाही, तिला लोकर गुंडाळायची. काम संपल्यावर ट्यूनर, म्हणजे पियानो लावणारा, येऊन सगळं तपासतो आणि तो खर्च आमच्याकडे. जॉन केजने १९४० च्या आसपास हे तंत्र रुजवलं तेव्हापासून जगभर चांगल्या पियानोंवर ते होत आलं आहे, पण ते काळजीनेच होतं.

वर्षाच्या कुठल्या दिवसांत रेकॉर्डिंग करावं?

पाऊस पूर्ण थांबल्यावर. बेळगावात जून ते सप्टेंबर हवेतली ओल इतकी असते की पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात आणि सकाळी लावलेला स्वर संध्याकाळी सरकतो. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस हवेच्या दृष्टीने उत्तम. पण तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम असतो आणि उसाचे ट्रॅक्टर रात्रभर, गाणी लावून, मोठ्या रस्त्याने जातात. म्हणून हायवेलगतची जागा कितीही चांगली असो, नको. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, आणि संध्याकाळी वळीव. पत्र्याच्या छपरावर वळीव सुरू झाला की माईक बंद करून चहाच घ्यावा.

रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आमचं बरंचसं काम त्याच वेळेत होतं. पहाटे काकड आरती किंवा अजान सुरू होण्याआधी आटोपतं घ्यायचं. कुणाला आवाज कमी करायला सांगायला जायचं नाही, आपलं वेळापत्रक हलवायचं. शेजाऱ्यांना मात्र आधी जाऊन सांगून यावं.

सभागृह कसं असावं? मंगल कार्यालय चालेल काय?

मंगल कार्यालयात फरशी, काचा आणि काँक्रीट. टाळी वाजवली की भिंतींमधून फडफड परत येते. चेंबर संगीताला सव्वा ते दीड सेकंदाचा घुमारा छान वाटतो, इथे तो दुप्पटही असतो आणि गढूळ असतो. सतरंज्या, गाद्या, जाड पडदे लावून तो पुष्कळ आटोक्यात आणता येतो. शाळेचं जुनं उंच छताचं, लाकडी स्टेजचं सभागृह मिळालं तर ते पहिलं घ्यावं. कँपातली, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीतली, जुनी दगडी चर्च घुमाऱ्याने श्रीमंत आहेत, हळू आणि विरळ रचनेला ती शोभतात, जलद आणि दाट रचनेला नाही.

जागा बघायला जाताना चेलो घेऊन जावं. चेलोचा जमिनीवर टेकणारा खुंटा फरशीवर घसरतो आणि आवाजही दाबतो. खाली लाकडी फळी टाकली की खालचे स्वर उघडतात. जागा बघताना पंखे, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटचे जुने चोक हे सगळं एकेक करून बंद करून ऐकावं. विजेची ५० हर्ट्झची घुंई एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की काढताना चेलोचा खर्जही खरवडला जातो.

पियानो लावायला माणूस कुठून आणता?

गोव्यातून किंवा पुण्याहून. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा पावसाळ्यात भरवसा नसतो, हेही हिवाळा निवडण्याचं एक कारण. पियानो हलवला असेल तर लगेच लावू नये, त्याला नव्या जागेत काही दिवस स्थिरावू द्यावं. रेकॉर्डिंगच्या दिवसांत ट्यूनर तिथेच मुक्कामी हवा. हा खर्च वाचवायचा विचार मनात आणू नका.

माईक किती आणि कुठे?

आधी वादकांनी मैफलीसारखं बसायचं आणि माईकने त्यांच्याकडे यायचं. दोन माईकची एक मुख्य जोडी, एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, ११० अंशांच्या कोनात, वादकांसमोर डोक्याच्या बऱ्याच वर. ऐंशी टक्के आवाज तिथूनच यावा. सभागृह फार चांगलं असेल तर चहूबाजूंनी ऐकणारे माईक लांब-लांब ठेवून अजून मोकळा आवाज मिळतो. चेलोला आणि पियानोला एकेक जवळचा माईक, पण मिश्रणात तो असल्याचं कळू नये इतकाच. पियानोच्या आत हळूच छेडायच्या तारा असतील तर तिथे खास माईक लागतो, आणि तो आवाज मैफलीत जेवढा होता त्याहून मोठा ठेवायचा का, हे रचनाकाराने ठरवायचं.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जावर घ्यावं. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. दर बैठकीत रिकाम्या खोलीचा एखादा मिनिट आवाज नोंदवून ठेवावा, जोड देताना तोच लागतो. शेवटी आवाज फुगवू नये. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळ्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणतात, त्यामुळे ठोकून मोठं केलेलं रेकॉर्डिंग तिथे काही जास्त मोठं वाजत नाही, त्यातला हळू-मोठ्याचा जिवंतपणा मात्र जातो.

तुकडे कापून जोडता ना? मग ती खरी मैफल कशी?

ती मैफल नाहीच, आणि तसा दावाही नसावा. पण दहा-बारा मापांचे तुकडे घेत घेत भिंत बांधल्यासारखं रेकॉर्डिंग आम्ही करत नाही. आधी पूर्ण रचना सलग, दोनदा किंवा तीनदा. त्यातून एक कणा निवडायचा. मग जिथे स्वर निसटला, खुर्ची करकरली, तेवढेच भाग, पण मागून लांबून सुरुवात करून, म्हणजे वेग आणि ताण तोच राहतो. शेवटी थकवा येण्याआधी पुन्हा एकदा पूर्ण. गंमत म्हणजे या शेवटच्या सलग टेकमधूनच (टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) पुष्कळदा सगळ्यात जास्त घेतलं जातं, कारण तोवर काळजी संपलेली असते.

एक स्वर किंचित खरखरला पण त्या ओळीत जीव होता, अशा वेळी ती ओळ ठेवावी. यावर आमच्यात वाद होतात. रचनाकाराचं मत इथे शेवटचं मानतो, फक्त वादकाला लाज वाटेल असा स्वर त्याच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी रचनाकार कुठे बसतो?

नियंत्रणाच्या खोलीत, स्कोअर (तिन्ही वाद्यांचं एकत्र नोटेशन) पुढे ठेवून, रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या शेजारी. वादकांशी बोलायचं ते एकाच माणसाने. तीन माणसं एकदम सूचना देऊ लागली की वादक घाबरून सावध वाजवतात. रचनाकाराने प्रत्येक मापाला टेकचा क्रमांक आणि शेरा लिहीत जावं. आणि नव्याने सुचलेला बदल त्या दिवशी करू नये! तो पुढच्या प्रतीत.

रचनाकार दूर देशी असेल तर?

ऑनलाइन एकत्र वाजवणं जमत नाही, आवाज पोचायला लागणारा वेळ ताल मोडतो. पण ऐकणं आणि बोलणं उत्तम जमतं. झूममध्ये वादकांसाठी मूळ आवाजाची सोय आहे, ती सुरू करावी. नाहीतर ते चेलोचा लांब स्वर गोंगाट समजून दाबून टाकतं. आमची पसंती वेगळ्या पद्धतीला आहे: तालमीचं चांगलं रेकॉर्डिंग पाठवायचं, रचनाकाराने माप क्रमांकासह लेखी उत्तर द्यायचं, आणि मग फोन. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र तो प्रत्यक्ष यावा यासाठी आम्ही हट्ट धरतो.

पैसे देऊन रचना लिहून घेतली, म्हणजे ती आमची झाली ना?

नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेली नसेल आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल तर संगीतरचनेचा पहिला मालक रचनाकारच. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून इंटरनेटवर टाकायचं असेल तर “संपूर्ण जग” हे शब्द लिहाच. पहिला प्रयोग कुणाचा, किती काळ फक्त आम्हीच वाजवायचं, रेकॉर्डिंगचा खर्च आणि उत्पन्न कसं वाटायचं, हे सगळं एका पानात मावतं. मैत्री असली तरी ते पान करावं, मैत्री टिकते.

ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो ६० वर्षं. वादकांचेही स्वतंत्र हक्क असतात, ५० वर्षं. रचनाकाराने आयपीआरएसचं, म्हणजे रचनाकारांसाठी मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं.

रचनेत नाट्यपदाची चाल घ्यायची असेल तर संगीत देणारा कधी गेला ते पाहावं. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०१६ पासून मोकळ्या. मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३४ संपेपर्यंत परवानगी हवी. अभंग आणि बसवण्णांची वचनं जुनी आहेत, ती कुणीही घ्यावीत.

हे ऐकायला नोटेशन यावं लागतं काय?

मुळीच नाही. जो माणूस विलंबित ख्याल तासभर ऐकतो त्याच्याकडे लागणारं सगळं आहे: एका स्वरावर थांबायची तयारी. प्रयोगाआधी रचनाकार पाच मिनिटं बोलतो, दोन-तीन तुकडे वाजवून दाखवतो. माहितीपत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत असतं, कारण श्रोते दोन्हीकडचे असतात. आणि नवी रचना दहा-बारा मिनिटांची असेल तर त्याच संध्याकाळी दोनदा वाजवतो. पहिल्यांदा “हे काय?” म्हणणारे दुसऱ्यांदा पुढे सरकून बसलेले असतात. नाही आवडली तर तसं सांगावं, रचनाकार समोरच उभा असतो.

मुलीला चेलो शिकवायचा आहे. इथे सोय आहे काय?

नियमित शिक्षक मिळणं कठीण आहे. गोव्याला जाऊन महिन्यातून काही धडे आणि मध्ये ऑनलाइन, अशी सांगड घालता येते. लहान मुलांना अर्ध्या किंवा पाऊण मापाचा चेलो लागतो. पूर्ण मापाचा घेऊन “मोठी झाली की बसेल” असं करू नये, हात दुखावतो.

मी रचना लिहिली आहे. कशी पाठवू?

स्कोअर आणि तिन्ही वादकांचे भाग वेगळे, मापांचे क्रमांक घातलेले, पानं उलटायला विश्रांतीची जागा सोडलेली. सोबत म्युझिकएक्सएमएल फाइल द्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. नोटेशन लिहायला फिनाले हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते २०२४ मध्ये बंद झालं आहे, जुन्या फायली आत्ताच बदलून ठेवा. म्युझस्कोअर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. संगणकाचं वादन पाठवू नका. त्यापेक्षा स्वतः गाऊन, टेबलावर वाजवून केलेलं फोनचं रेकॉर्डिंग आम्हाला जास्त सांगतं.

काम संपल्यावर मूळ फायली कुणाकडे राहतात?

सगळ्या टेकच्या मूळ फायलींच्या तीन प्रती: एक रचनाकाराकडे, एक ट्रिओकडे, एक तिसऱ्या गावी, दुसऱ्याच कुणाच्या घरी. त्यांच्यासोबत जोडकामाची यादी, माईकच्या जागांचे फोटो आणि पियानोच्या आतल्या खुणांचा नकाशा. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या गजाच्या आणि बोटांच्या खुणा स्कॅन करून रचनाकाराला देतो. तो त्यांतल्या हव्या त्या छापील प्रतीत घेतो आणि पुढे ज्या ट्रिओला ही रचना वाजवायची असेल त्यांना तीच प्रत जाते. पहिल्या, न दुरुस्त केलेल्या प्रती मात्र गोळा करून वेगळ्या ठेवाव्यात, त्यांच्यावर तारीख घालावी, आणि वादकांच्या पिशव्यांतून त्या काढून घ्यायला विसरू नये.